शेतावरील कॅमेरा मोबाईलवर कसा पाहावा?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



उन्हाळी कांदा चाळीत भरला की चार-पाच महिने जिवापाड सांभाळावा लागतो. विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर यांची राखण तर बारमाही. राखणीला माणूस मिळत नाही, म्हणून अनेकांनी कॅमेरे बसविले. परंतु चाळीवरचा कॅमेरा परगावी बसून कसा पाहावा आणि तो आपल्यापुरताच कसा ठेवावा, हे थोडक्यात सांगतो.

प्रथम जागा पाहावी. घरी ब्रॉडबँड असेल व चाळ जवळ असेल तर वायफायचा कॅमेरा चालतो. वायफाय पोहोचत नसेल तेथे सिमकार्डाचा ४ जी कॅमेरा घ्यावा. खरेदीपूर्वी त्याच खांबापाशी उभे राहून कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते तपासावे. अनेक साधे वायफाय कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणून जोडणीच्या वेळी मोबाईलही राउटरच्या त्याच पट्ट्यावर ठेवावा.

नंतर कंपनीचे ॲप उतरवून घ्यावे, स्वतःच्या मोबाईल नंबरावर खाते उघडावे आणि कॅमेऱ्यावरील क्यूआर कोड स्कॅन करावा. चित्र दिसू लागले म्हणजे काम झाले असे समजू नये. मोबाईलचे वायफाय बंद करून मोबाईल डेटावर चित्र येते का ते पाहावे. दुरून पाहण्याची खरी परीक्षा हीच.

अशा जोडणीत कॅमेराच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो आणि आपले ॲप तेथूनच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे राउटरमध्ये बाहेरून येणारी वाट, म्हणजे पोर्ट, उघडण्याची गरज नसते. कोणी तसे सुचविल्यास मान्य करू नये. ती वाट आपल्याबरोबर परक्यालाही सापडते.

आता माझाच अनुभव सांगतो. आमच्या वस्तीवर कॅमेरा बसविणाऱ्याने खाते स्वतःच्या मोबाईलवर उघडले, मला नुसते ‘शेअर’ करून दिले आणि कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवला. मीही घाईत होतो, काही विचारले नाही. तीन महिन्यांनी आई फोनवर म्हणाली, "अरे, तुझा तो डोळा रात्री आपोआप फिरतो. मी अंगणात बसायचं सोडलंय." चोरी काहीच झाली नव्हती, पण ज्या घराच्या राखणीसाठी कॅमेरा लावला, त्या घरातली माणसेच अवघडली होती. कॅमेरा रिसेट करूनही भागले नाही. जुन्या खात्यातून तो काढल्याशिवाय नव्या खात्यात जोडला जाईना. शेवटी बसविणाऱ्याला बोलावून तो समोर काढायला लावला.

म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा. तो मोठा असावा व दुसरीकडे वापरलेला नसावा. ॲपमध्ये ओटीपीची दुहेरी पडताळणी असल्यास चालू करावी. शेअर केलेल्यांची यादी महिन्यातून एकदा पाहावी आणि कंपनीचे अपडेट टाळू नयेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः न बदललेल्या पासवर्डमुळेच.

डेटाचाही हिशेब ठेवावा. १ एमबीपीएस वेगाचे चित्र तासभर पाहिल्यास सुमारे ४५० एमबी खर्च होतात. त्यामुळे रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर ठेवावे व मोबाईलवर हालचालीची सूचना तेवढी घ्यावी. वीज गेल्यावर राउटर बंद पडतो. त्यासाठी ॲडॅप्टरवरील व्होल्टेज पाहून छोटा यूपीएस जोडावा. विजेची सोय नसेल तेथे सौर पॅनेलचा कॅमेरा बरा.

कॅमेऱ्याचे तोंड चाळीकडे, फाटकाकडे असावे. सालगड्याचे खोपट, न्हाणी, मजूर बाया विसावतात ती जागा त्यात येऊ देऊ नये. कॅमेरा लावल्याचे सर्वांना आधी सांगावे.

रात्री सूचना आली तर एकट्याने धावत जाऊ नये. वस्तीच्या शेजाऱ्याला उठवावे व ११२ वर फोन करावा. आज घरी गेल्यावर मात्र एवढे पाहा: तुमच्या कॅमेऱ्याचे खाते कोणाच्या नंबरावर आहे?