‘सेशन एक्सपायर्ड’ : नेमकं काय करताना बाहेर पडलात?



आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे माग चालवणाऱ्या एका ताईंचा शनिवारी दुपारी मला फोन आला. कामगारांचा आठवड्याचा पगार त्या नेट बँकिंगवरून भरत होत्या आणि तिसऱ्यांदा बाहेर फेकल्या गेल्या होत्या. ‘सर, माझं खातं कुणी बंद केलं का हो?’ आवाज कापत होता, कारण दारात पगाराची वाट बघणारी माणसं उभी होती.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, ‘नेमकं काय करताना बाहेर पडलात?’ त्या म्हणाल्या, नव्या कामगाराचा खाते क्रमांक लिहिला, आयएफएससी कोड नव्हता म्हणून त्याला घरून पासबुक आणायला पाठवलं, तो आल्यावर कोड भरला, ‘पुढे’चं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, ‘सेशन एक्सपायर्ड’.

त्यांचं खातं सुरक्षित होतं आणि बिघाड कुठेच नव्हता. सिद्धेश्वर मंदिराबाहेर चप्पल ठेवली की हातात बिल्ला मिळतो. चपला सांभाळणारा माणूस आपला चेहरा लक्षात ठेवत नाही, तो बिल्ला बघतो. संकेतस्थळाचंही असंच आहे. वेबच्या मूळ रचनेला स्मरणशक्तीच नाही, प्रत्येक पान मागताना आपण त्याला अनोळखीच असतो. म्हणून 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्यानं ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. पासवर्ड बरोबर दिला की सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक बिल्ला देतो आणि पुढच्या प्रत्येक पानाला तो बिल्ला तपासतो. लॉगआउट होणं म्हणजे त्या बिल्ल्याची मुदत संपणं, बिल्ला हरवणं, किंवा सर्व्हरनं तो रद्द करणं. या तिन्हींपैकी काय झालं ते शोधायचं, एवढंच आपलं काम.

ताईंच्या बिल्ल्याची मुदत संपली होती, ‘सेशन एक्सपायर्ड’ म्हणजे तेच. ‘पण मी तर लिहीत होते ना!’ असं त्या म्हणाल्या, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आपण चौकटीत अक्षरं टाइप करतो ती पुष्कळदा आपल्याच संगणकावर असतात. ‘पुढे’ किंवा ‘सेव्ह’ दाबेपर्यंत सर्व्हरला त्यांचा पत्ता नसतो. तुम्ही वीस मिनिटं मान मोडून अर्ज भरत असलात तरी त्याच्या लेखी खुर्ची रिकामी आहे. आणि रिकाम्या खुर्चीसमोर बँकेचं खातं उघडं ठेवणं धोक्याचं. कार्डांची माहिती हाताळणाऱ्या यंत्रणांसाठी जो आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम आहे, त्यात 15 मिनिटं हालचाल नसेल तर पुन्हा ओळख मागा, असंच सांगितलं आहे. काही बँका त्याहूनही कमी वेळ देतात.

तेव्हा आधी वहीत सगळं मांडून घ्या आणि मगच लॉगिन करा. खाते क्रमांक, आयएफएससी कोड, सात-बाऱ्याचा गट क्रमांक, आधारला जोडलेला मोबाइल, सगळं हाताशी हवं. जोडायची कागदपत्रं आधीच स्कॅन करून, साइटनं सांगितलेल्या आकारात बसवून ठेवा. सांगोल्याकडचे डाळिंबवाले शेतकरी ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला बसतात आणि अर्ध्यात लक्षात येतं, फाइल मोठी आहे. ती लहान करेपर्यंत सेशन गेलेलं असतं. लांबलचक मजकूर नोटपॅडमध्ये लिहून मग चिकटवा. ‘सेव्ह’ची सोय असेल तर प्रत्येक भागानंतर ती वापरा.

काहींची तक्रार वेगळी असते. ते म्हणतात, ‘लॉगिन केलं की लगेच बाहेर. एक पानसुद्धा उघडत नाही.’ अशा वेळी मी पहिल्यांदा पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायला सांगतो. तारीख पुढे गेलेली असेल तर काही साइटचा बिल्ला हातात पडतानाच मुदतबाह्य ठरतो. तारीख मागे असेल तर ब्राउझरला साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो दार उघडत नाही. दर 30 सेकंदांनी बदलणारे कोड देणारं ॲप वापरत असाल, तर मोबाइलचं घड्याळ चुकल्यावर तेही नाकारले जातात. जुन्या डेस्कटॉपमध्ये वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी, म्हणून त्याचं नाव 2032. किरकोळ किमतीचा हा सेल बदलला की काम होतं. लोकांनी यापायी आख्खा संगणक बदललेला मी पाहिला आहे, म्हणून इतकं तपशिलानं सांगतोय.

घड्याळ बरोबर असेल तर कुकीज बंद केल्या आहेत का ते बघा. फोन ‘साफ’ करून वेगवान करतो म्हणणारी ॲप कधी कधी बिल्लाही झाडून टाकतात. दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन टिकलं, तर दोष पहिल्या ब्राउझरमध्ये आहे हे नक्की.

काम चालू असताना मधूनच बाहेर पडत असाल तर बहुधा बिल्ला रद्द झालेला असतो. एखाद्या सूत व्यापाऱ्याकडे मालक आणि मुनीम एकाच युजर आयडीनं, दोन टेबलांवरून आत जातात. दुसरा आत आला की पहिला बाहेर, मग पहिला चिडून पुन्हा आत. असा खेळ तासभर चालतो आणि शेवटी खातं लॉक होतं. प्रत्येकाला वेगळा युजर आयडी घेता येत असेल तर घ्याच. सुरक्षित साइटवर ब्राउझरचं ‘मागे’चं बटण आणि रिफ्रेश टाळा. वाय-फाय गेलं आणि फोन मोबाइल डेटावर आला की आपला इंटरनेटचा पत्ता बदलतो, काही बँका तेवढ्यावरून सेशन तोडतात. ओटीपी वाचायला मेसेजमध्ये गेलात आणि परत येईपर्यंत ॲप पहिल्यापासून सुरू झालं, तर फोनचा बॅटरी सेव्हर बघा. आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी सगळा देश एकाच दारात उभा असतो, तेव्हा तुमच्या संगणकात काही शोधू नका, पहाटे बसा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. वैतागलेला माणूस गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो आणि भामट्याच्या तावडीत सापडतो. ‘सेशन दुरुस्त करून देतो, हे ॲप घ्या, स्क्रीन दाखवा, ओटीपी सांगा.’ बाबांनो, लॉगआउट दुरुस्त करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. नंबर पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’नं संपणाऱ्या पत्त्यावर यायला सांगितलं आहे, तो शेवट बघायची सवय लावा. लॉगिन झाल्यावर मागच्या लॉगिनची वेळ दिसते, तीही वाचा. ती वेळ तुमची नसेल तर ताबडतोब दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक लगेच फिरवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

त्या ताईंनी पुढच्या शनिवारी सगळी पासबुकं आधीच गोळा केली आणि एका बैठकीत पगार भरले. मात्र त्या दिवशी घरचं नेट बंद होतं म्हणून त्या चौकातल्या सायबर कॅफेत बसल्या होत्या. काम झाल्यावर मला फोन करून म्हणाल्या, ‘खिडकी बंद केली, आता निघते.’ मी त्यांना पुन्हा बसवलं. खिडकी बंद केल्यानं बिल्ला परत दिला जातोच असं नाही. आपल्या हातानं ‘लॉगआउट’ दाबायचं, मग तोच पत्ता पुन्हा उघडायचा, आणि तो पासवर्ड मागतोय हे डोळ्यांनी बघूनच खुर्चीवरून उठायचं.