धक्क्यावरचा भाव



 दोन दिवस इथे रत्नागिरीत डॉगफिशच्या मूल्याची देशोदेशीची तुलना होणार आहे. डॉगफिश म्हणजे आपल्या मुशीचा थंड पाण्यातला भाऊबंद.

माझा जन्म लिलावात गेला. टोपलीतली मुशी उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय मी कधी बोली लावली नाही. त्यामुळे तक्ता समोर आला की मी आधी विचारतो, हा भाव कुठला? अमेरिकेत केप कॉडच्या चॅटम बंदरात काटेरी डॉगफिशला पौंडामागे साधारण वीस सेंट मिळत आले आहेत. तिथे तो फारसा कुणी खात नाही. पण कापला की वाटे होतात. पाठीचं मांस इंग्लंडात ‘रॉक सामन’ या नावाने चिप्सबरोबर खपतं. पोटाच्या पट्ट्या जर्मनीला जातात. धुरावर शेकताना त्या कडेने वळत जातात, म्हणून कवी शिलरच्या कुरळ्या केसांवरून त्यांना ‘शिलरलॉकन’ म्हणतात. हा पैसा चॅटमच्या नोंदवहीत दिसत नाही.

त्यात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत ‘डॉगफिश आणि इतर शार्क’ यांची नोंद एकत्र होते. ताज्या मालाचा क्रमांक 030281, गोठवलेल्याचा 030381. मग निव्वळ डॉगफिशची किंमत वेगळी काढायची कशी?

काळही भाव फिरवतो. 1940च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात डॉगफिशच्या यकृताला ‘अ’ जीवनसत्त्वासाठी मोठी मागणी होती. कृत्रिम जीवनसत्त्व आलं आणि तो धंदा बसला.

सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट मादीची. ती जवळजवळ दोन वर्षं पिल्लं पोटात वागवते. 1990च्या दशकात अमेरिकेत नेमक्या मोठ्या माद्याच धरल्या गेल्या, कारण युरोपला मोठा मासा हवा होता. साठा ढासळला, 2000 साली निर्बंध आले, 2010 साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. तिकडे युरोपीय संघाने आपल्या पाण्यातल्या डॉगफिशचा कोटा 2010 साली शून्यावर आणला. तक्त्यात युरोपच्या रकान्यातलं शून्य पाहून मासा कवडीमोल झाला असं कृपया कुणी लिहू नये. तिथे तो वाचवला जात होता.

अभ्यासकांना माझी हात जोडून विनंती आहे. आकड्याशेजारी विक्रीचा टप्पा, वर्ष आणि माशाचा कुठला भाग हे लिहा. आणि संध्याकाळी होड्या लागतील तेव्हा माझ्याबरोबर धक्क्यावर चला. तिथल्या बायाबापड्यांना भाव विचारा, मग तक्त्याकडे वळा.