लाखाची देणगी आणि पैशाची वर्गणी



या व्याख्यानमालेत विद्वानांची परंपरा आहे. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात आणि वाचनालयापेक्षा कारखान्याच्या दारात जास्त झाले. तरीही चालकांनी मला बोलावले, याचे कारण बहुधा एवढेच की वर्गणी मागणे हा माझा रोजचा धंदा आहे. पावतीपुस्तक काखेत मारून पगाराच्या दिवशी दारात उभे राहायचे, हे काम मी गेली तीस वर्षे करीत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये लोकांच्या दानातून कशी उभी राहिली आणि त्या दानाने देणाऱ्याला व घेणाऱ्याला काय दिले, यावर मी आज बोलणार आहे. विषय दानाचा आहे म्हणून मी नुसती स्तुती करीन अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नका.

आरंभ मुंबईपासून करू. जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले, तो काळ १८३८ च्या सुमाराचा. पण या पारशी गृहस्थाने पैसे नुसते ओतले नाहीत. तेवढीच रक्कम कंपनी सरकारनेही घालावी अशी अट त्यांनी टाकली. मला या लाखापेक्षा ही अट मोठी वाटते. त्या काळचा लाख म्हणजे केवढी रक्कम, हे आपण जाणता. पण लाख देणारे पुढेही निघाले. सरकारला 'तुझा वाटा काढ' म्हणणारा देणगीदार विरळा. ३ जानेवारी १८४३ रोजी पाया घातला गेला आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले. मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये वारले होते. त्यांच्या चाहत्यांनी वर्गणी जमवून त्यांच्या नावाचे हे स्मारक उभे केले. मुंबईचे विद्यापीठ त्यानंतर १८५७ मध्ये आले. म्हणजे आधी वर्गणी, मग महाविद्यालय आणि शेवटी विद्यापीठ, असा हा क्रम आहे. डॉ. भाऊ दाजी लाड इथल्याच पहिल्या तुकडीतले.

जमशेटजींचा पैसा चीनच्या व्यापारातला, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, असे कोणी म्हणेल. होती, यात शंका नाही. पण अशा पैशाचे दान घ्यावे की नाही, या वादात मी पडत नाही. गिरणीमालकाची देणगी घेताना आम्ही कामगारांनी तोच प्रश्न विचारला असता, तर परळमधली निम्मी रुग्णालये उभीच राहिली नसती. १९२६ मध्ये नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय परळमध्ये निघाले. हे घराणे गिरण्यांचे. त्या दगडात नफा आहे आणि नफ्यात साचावाल्याचा घाम आहे. पण त्या साचावाल्याची बायको बाळंत झाली ती त्याच छपराखाली, हेही तितकेच खरे आहे.

याच परळला आणखी एक इमारत आहे आणि तिची कथा मला सर्वांत बोधक वाटते. १९१० मध्ये सातवे एडवर्ड वारले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मारकासाठी निधी जमवला. पुतळा उभारावा, असे पुष्कळांच्या मनात येणे साहजिक होते. पण त्या निधीतून रुग्णालय झाले, आणि आज त्याला सगळे 'के. ई. एम.' म्हणतात. त्याच्या जोडीला महाविद्यालय हवे होते. त्यासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसा दिला, आणि त्यालाही अट घातली. ती अशी की इथले प्राध्यापक व शिक्षक पात्र, स्वतंत्र आणि सरकारी नोकरीत नसलेले हिंदी गृहस्थच असावेत.

ही अट नीट समजून घेतली पाहिजे. ग्रँट महाविद्यालयातल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या हाती असत, आणि त्यात भरणा गोऱ्या अधिकाऱ्यांचा. हिंदी डॉक्टराने कितीही विद्या मिळवली तरी तो दुय्यमच. सभेत ठराव करून ही पायरी हलली नसती. सरकारची खुर्ची सरकार सोडणार नव्हते; तेव्हा विश्वस्तांनी नवी खुर्ची करवली आणि तिच्यावर कोण बसेल हे पैशाबरोबरच लिहून दिले. १९२६ मध्ये रुग्णालय व महाविद्यालय सुरू झाले, मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, आणि पहिल्या काळात त्याची धुरा डॉ. जीवराज मेहता यांनी वाहिली. पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच. 'गृहस्थ' या शब्दात बायकांना जागा नव्हती, हे आज कोणाच्याही लक्षात येईल. पण ती चूक काळाने त्या दस्तऐवजाला न विचारताच दुरुस्त केली.

देणगीचा तिसरा प्रकार भायखळ्याकडचा. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाच्या स्वराज्य फंडासाठी ३० जून १९२१ पर्यंत एक कोट रुपये जमवायचे काँग्रेसने ठरवले आणि ते जमवले. त्यात शेठजींच्या हुंड्या होत्या तशाच बायकांच्या बांगड्या आणि हमालांचे आणेही होते. असहकारात ज्या मुलांनी सरकारी शिक्षणावर पाणी सोडले, त्यांच्यासाठी १९२१ मध्ये मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला या फंडाचा आधार मिळाला. डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या नावाने रुग्णालय दिले. बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर हे नाव आज नुसत्या आद्याक्षरांत उरले आहे. रिक्षावाल्याला 'नायर' एवढेच पुरते. पुढे टोपीवाल्या देसायांची देणगी आली, महाविद्यालयाला ते नाव मिळाले, आणि १९४६ मध्ये पालिकेने कारभार हाती घेतला.

पालिकेने हाती घेतला, या तीन शब्दांपाशी थोडे थांबू. देणगी इमारत उभी करते. इमारत उभी राहिल्यावर रोज सकाळी सहा वाजता जे लागते, ते देणगी देत नाही. चादरी धुवायच्या, फरशी पुसायची, रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार, सुई, कापूस, गरम पाणी. या खर्चाला संगमरवरी पाटी लागत नाही, म्हणून देणगीदारही मिळत नाही. यंत्र द्यायला दहा जण पुढे येतात. ते चालवणाऱ्याचा दहा वर्षांचा पगार द्यायला एकही येत नाही. मग यंत्र कापडाखाली झाकून राहते, किंवा ते चालवायला कंत्राटी माणूस येतो, ज्याला रजा नाही आणि आजारी पडला तर त्याच रुग्णालयात रांगेत उभे राहावे लागते. मी संघटनेचा माणूस असल्यामुळे मला हे आधी दिसते, असे म्हणा हवे तर. पण रुग्णालयाच्या समितीवर बसलेल्या भल्या माणसांनाही मी हेच सांगत असतो: निधी मागताना 'कायम खर्चासाठी' असा रकाना छापा. छापला तर कधीतरी कोणी भरील. न छापता कोण भरणार?

आता थोडे इंग्लंडकडे जाऊ. तिथली जुनी धर्मादाय रुग्णालये वार्षिक वर्गणीवर चालत. ठराविक वर्गणी भरणाऱ्याला अमुक इतके रोगी पाठवण्याचा हक्क असे. रोग्याने त्या वर्गणीदाराची चिठ्ठी आणावी, तरच खाट मिळे. म्हणजे ताप आधी अंगात चढायचा आणि मग चांगुलपणाचा दाखला शोधत गावभर फिरायचे. १८२७ च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन नावाच्या शस्त्रवैद्याला लंडनमध्ये एका चर्चच्या पायरीवर एक मुलगी मरणोन्मुख पडलेली दिसली. चिठ्ठी नाही म्हणून तिला कुठेच जागा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी त्याने बिनचिठ्ठीचे रुग्णालय काढले. 'रॉयल फ्री' या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. १८७७ पासून लंडनच्या महिला वैद्यक विद्यालयातल्या मुलींना रोग्याच्या खाटेपाशी शिकण्याची मुभा तिथेच मिळाली.

आपला संबंध असा की त्या विद्यालयात आपली रखमाबाई शिकली. लहानपणी लावलेले लग्न नाकारल्याबद्दल तिच्यावर १८८४ पासून खटला चालला, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. पण १८८९ मध्ये ती विलायतेला गेली ती अनेकांच्या वर्गणीवर गेली, हे कमी सांगितले जाते. १८९४ नंतर ती डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत, राजकोट इथे तिने जन्म काढला. इथे वर्गणीचा पैसा दगडात गेला नाही, एका बाईच्या शिक्षणात गेला. हिशेबाने पाहिले तर यापेक्षा फायद्याची देणगी मला तरी माहीत नाही.

इंग्रज कामगारांनी चिठ्ठीच्या पद्धतीवर आपला उपाय शोधला. देवळात रविवारी रुग्णालयांसाठी झोळी फिरे; ती श्रीमंतांची. कामगारांचा पगार शनिवारी होई. १८७३-७४ पासून लंडनमध्ये 'हॉस्पिटल सॅटर्डे फंड' सुरू झाला. आठवड्याला पेनी, दोन पेन्या. पेनीचा ढीग झाला तसा पेनीवाल्याचा आवाज वाढला: आमच्या माणसाला चिठ्ठी कशाला, आणि कारभारी मंडळावर आमचा प्रतिनिधी का नको? पुष्कळ गावांत तो घ्यावा लागला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि रुग्णालयांचा भार सरकारने घेतला, त्यामागे मजूर पक्षाची बहुमते होती हे खरे. पण 'उपचार ही भीक नव्हे, आम्ही भरले आहे' ही सवय त्या शनिवारच्या पेनीने आधीच लावली होती.

आपल्याकडे त्याच १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजना सुरू झाली. २०१९ मध्ये कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. विम्याच्या दवाखान्याबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्याच सहीच्या असतील. पण तिथे भांडणारा कामगार हक्काने भांडतो. धर्मादाय रुग्णालयात तोच माणूस हात जोडून उभा राहतो. वास्तविक तिथेही त्याचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची. करसवलत, जमीन, चटईक्षेत्र हे सगळे लोकांच्या खिशातून आलेले असते, त्याची ही परतफेड आहे. किती रोग्यांना हे दारावर सांगितले जाते? समाजसेवकाची खोली शोधता शोधता निम्मे लोक दागिने मोडून मोकळे होतात.

आणखी एका देणगीदाराबद्दल बोलले पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे नुसते रुग्णालय नव्हे, ती शाळा आहे. तिथल्या मोफत खाटेवर पडलेल्या माणसाभोवती दहा मुले उभी राहतात, त्याच्या पोटावर हात ठेवून शिकतात, त्याच्या छातीला नळी लावून शिकतात. तो 'नाही' म्हणत नाही, कारण म्हणता येते हे त्याला ठाऊक नसते. आणि १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह शिकण्यासाठी महाविद्यालयाकडे देण्याची सोय केली. फुटपाथवर मेलेल्या माणसाने शहराला डॉक्टर दिले. त्याच्या नावाची पाटी कुठल्याही दालनात नाही. नावच ठाऊक नाही तर लावणार कोणाची? हल्ली लोक मृत्युपत्राने देहदान करतात. त्यांना माझा नमस्कार आहे. मात्र त्यांच्या आधी ज्यांनी न विचारता दिले, त्यांची रांग मोठी आहे.

आता आमच्या घरचा प्रश्न. एका कारखान्यात काही वर्षांमागे व्यवस्थापनाने एका रुग्णालयासाठी सर्वांच्या पगारातून एक दिवसाचे पैसे परस्पर कापले आणि छायाचित्रासह धनादेश दिला. माणसे भडकली. रुग्णालयाला विरोध कोणाचाच नव्हता; आमच्या पैशाचे दान दुसऱ्याने कसे केले, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पगारातून मन मानेल तशी कपात करता येत नाही, हे तत्त्व १९३६ च्या पगाराच्या कायद्यापासून चालत आले आहे. कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असा २०१३ चा कायदा आहे. तो वाटा कंपनीचा आहे, कामगाराच्या पाकिटातला नव्हे.

त्यानंतर आमच्या सभासदांनी स्वतःच ठरवले की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी दरमहा वर्गणी काढायची. लेखी संमती, क्रमांकाची पावती, तिमाहीचा हिशेब फलकावर. पैसा यंत्राला द्यायचा नाही. रोग्याबरोबर खेड्यातून आलेल्या माणसाच्या दोन वेळच्या जेवणाला द्यायचा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रोगी व त्यांची माणसे उतरतात. ते पाहून आलेल्या दोघांनी ही कल्पना मांडली. रुग्णालयाच्या कचेरीने सांगितले की जेवणाचा रकाना आमच्याकडे नाही, खुर्च्या घ्या, वर नाव घालू. आम्ही खुर्च्या घेतल्या नाहीत. तीन महिन्यांच्या खेपांनंतर रकाना निघाला.

सध्या सभासदांत वाद चालू आहे तो पाटीवर. तरुण म्हणतात, संघटनेचे नाव भोजनगृहाच्या दारावर असावे, म्हणजे दुसऱ्या संघटना पुढे येतील. काही म्हातारे म्हणतात, नाव लागले की आपणही शेठजीच झालो. मी म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे, पण तरुणांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. पुढच्या पगाराच्या दिवशी मतदान आहे, आणि मोजणी दोन्ही बाजूंसमोर होईल.