माळवदाची घरे

लातूर-नांदेडकडील जुन्या गावांतील गल्ल्या आपण पाहिल्याच असतील. भिंतीला भिंत लागून उभी काळ्या दगडाची घरे आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात असा गारवा सिमेंटच्या घराला येणे नाही. अनेक घरांत माळवदाचा भार लाकडी खांब व तुळया पेलतात. भिंत चांगली जाड, परंतु एकसंध नव्हे. आतबाहेर दगडांचे दोन थर आणि मध्ये माती व खापऱ्यादगडांची भर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात हे थर सुटून चिंचोळ्या गल्ल्यांत कोसळले. हजारो माणसे गाडली गेली. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभाच राहिला! म्हणून केवळ दगडाला दोष देणे मला रास्त वाटत नाही.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या घरांत अद्याप राहणाऱ्यांनी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसवावेत, छताखाली सर्व भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा. आणि पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकताना जुनी आधी उतरवावी. दरसाल थरावर थर चढून डोक्यावरचे ओझे वाढते.