थकबाकी नवऱ्याची, अडवणूक गटाची

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'बँकेतले अनुभव'. गेले चार महिने गटाच्या बैठकीला गेले की शेवटी एकच प्रश्न विचारायचे. बँकेत शेवटचं कधी गेलात आणि काय झालं? पहिल्यांदा सगळ्या हसायच्या. मग एक बोलली की दुसरी बोलायची, आणि बैठक संपायचं नाव घ्यायची नाही. वही भरली माझी. शाखेचं नाव मी घेणार नाही, हे भाषण छापून येणार आहे. आणि एकाच शाखेची ही गोष्ट नाही.

सगळ्यात जास्त काय ऐकलं? 'उद्या या.' पासबुकात एन्ट्री मारायची, मशीन बंद आहे, उद्या या. गटाची सही बदलायची, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. लिंक नाही. आता साहेबांना हे दोन शब्द वाटतात, पण एका मावशीनं हिशेब सांगितला. जाण्यायेण्याचं वडापचं भाडं, त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि दुपारी भूक लागली म्हणून वडापाव. पासबुकाच्या एका पानासाठी तीन खाडे. मावशी म्हणाली, "बाई, बँकेत पैसे ठेवायला गेले आणि पैसे घालवून आले."

बँकेची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. शाखेत माणसं तीन आणि गावं ढीगभर. पीककर्जाचं जुनं-नवं त्याच दिवसांत, पेन्शनची रांग त्याच दिवसांत. त्या तिघांतली कॅशियर मॅडम आपल्या गटांच्या बायकांना ओळखते, नावानं हाक मारते, अंगठा उठत नसला की हात पुसायला रुमाल देते. असंही माणूस आहे तिथं. म्हणून मी भांडायला जा असं म्हणत नाही. पण नियम काय आहे ते माहीत असल्याशिवाय विनंतीसुद्धा नीट करता येत नाही.

लाडकी बहीणच्या पैशाचं बघा. २०२४ मध्ये योजना सुरू झाली, महिन्याला १,५०० रुपये. कितीतरी बायका अजून म्हणतात, मंजूर झालं पण खात्यात आलं नाही, बँकेनं खाल्लं. बँकेनं खाल्लेलं नसतं. ते दुसऱ्या खात्यात पडलेलं असतं. आधारवरून येणारे सरकारी पैसे एकाच बँकेत जातात, ज्या बँकेला शेवटी आधार जोडलंय तिथं. कधीकाळी मोबाइलच्या दुकानात कुणी खातं काढून दिलेलं असतं, आपण विसरलेलो असतो, पैसे तिथं जमा होतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' बघितलं की कुठल्या बँकेला जोडलंय ते कळतं. बँक सखीकडे आधार आणि मोबाइल घेऊन जा, ओटीपी येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि खातं दोन वर्षं वापरलं नाही म्हणून बंद पडलं असेल तर ते परत चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही. केवायसीची कागदं द्यायची, बस्स. बंद खात्यात शिल्लक कमी म्हणून दंडही लावता येत नाही. जनधनसारख्या साध्या बचत खात्याला तर किमान शिल्लक ठेवायचीच नसते.

ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढताना हजाराला दहा रुपये कापून देतात, हे सात गावांत ऐकलं. ते दहा रुपये बेकायदेशीर आहेत. त्याला कमिशन बँक देते, गिऱ्हाइकाकडून थेट घ्यायचं नाही. पावती मागा. अंगठा लावला, पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून मात्र कापले गेले, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये बँकेनं द्यायचे असतात. 'अंगठा परत लाव, परत लाव' म्हणून तीनदा लावून घेतात ना, तेव्हा दर वेळी पावती मागायची. तीन पावत्या होऊ देत.

विम्याचं एक सांगायचं राहिलं. पासबुकात मे महिन्यात २० रुपये कापलेले दिसतात, काहींचे ४३६. आपण म्हणतो बँकेनं लुटलं. २० रुपयांचा तो सुरक्षा विमा, अपघातात मृत्यू झाला तर २ लाख. ४३६ चा जीवनज्योती, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख. विचारल्याशिवाय कापणं चूक आहे, नको असेल तर लेखी अर्ज देऊन बंद करता येतं. पण माझ्या वहीत याच्या उलटी गोष्ट आहे. आपल्या एका गटातली ताई गेली. दोन वर्षं तिचे ४३६ कापले जात होते. घरात कुणाला माहीत नव्हतं. दहाव्याला गेलेल्या गटाच्या सचिवांनी पासबुक मागून बघितलं म्हणून कळलं. त्या पैशांत आता तिच्या मुलीचं नर्सिंग चालू आहे. घरी गेल्यावर पासबुक उघडा, मे महिन्याची ओळ बघा आणि घरात कुणाला तरी दाखवून ठेवा.

आता ज्यासाठी मी खरं उभी राहिलेय ते बोलते.

गेल्या काही महिन्यांत आपल्या भागातल्या चार गटांची कर्जप्रकरणं परत आली. कागद पूर्ण होते. बचत नियमित, पंचसूत्री पाळलेली, आधीचं कर्ज फेडलेलं. कारण तोंडी सांगितलं. गटातल्या अमुक बाईचा नवरा थकबाकीदार आहे, त्याचं पीककर्ज जुनं-नवं झालेलं नाही. तिला काढा, मग प्रकरण घेऊन या.

चारपैकी दोन गटांनी तिला काढलं.

मी कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. नऊ बायकांचं कर्ज अडलंय, कुणाला शेळ्या घ्यायच्यात, कुणाला शिलाई मशीन, पेरणी तोंडावर आलीय. अशा वेळी एकीला बाजूला करणं सोपं वाटतं. त्या बैठकीचं इतिवृत्त मी वाचलं. एकच वाक्य आहे, 'स्वखुशीने राजीनामा दिला.' मी तिच्या घरी गेले होते. आठ वर्षं ती त्या गटात होती. कापूस गेला, नवऱ्याचं कर्ज थकलं, आणि सावकार दारात येऊ नये म्हणून जो गट धरला होता त्याच गटातून ती बाहेर. आता तिला मायक्रोफायनान्सवाला दर आठवड्याला भेटतो. मला म्हणाली, "मी एक हप्ता चुकवला नाही गं गटाचा." खरं आहे ते, मी खतावणी बघितली.

आता नियम ऐका, आणि हे नीट ऐका. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांच्या कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेचं मास्टर परिपत्रक आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की गटातल्या बाईचा नवरा किंवा घरातलं कुणी बँकेचं थकबाकीदार आहे, या सबबीवर पूर्ण गटाचं कर्ज नाकारायचं नाही. नवरा वेगळा, बायको वेगळी, गट वेगळा. बरं, ती बाई स्वतः थकबाकीदार असेल तर? तिथंही दोन प्रकार आहेत. पाऊस पडला नाही, आजारपण आलं, म्हणून थकलं असेल तर तिला कर्जातून वगळायचं नाही. ऐपत असून मुद्दाम फेडत नसेल, तरच तिला बँकेच्या कर्जाचा वाटा मिळत नाही. पण तेव्हाही बाकीच्या गटाला कर्ज द्यायचं, आणि ती गटात राहू शकते, बचत करू शकते, गटाच्या अंतर्गत निधीतून उचल घेऊ शकते. मुद्दाम थकवणारीलासुद्धा गटाबाहेर काढा असं रिझर्व्ह बँक म्हणत नाही. आणि आपण पावसानं मारलेलीला काढून मोकळे झालो.

त्याच परिपत्रकात आणखी आहे. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर होल्ड लावायचा नाही. दोन गटांची बचत 'कर्ज फिटेपर्यंत काढू नका' म्हणून अडवलीय, ते चालत नाही. गट सुरू होऊन सहा महिने झाले का, हे बघताना गटाची वही बघायची, बँकेत खातं कधी उघडलं ते नाही. बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. सगळ्यांची कर्जाच्या वेळी घेतात. दहाच्या दहा बायकांना खातं उघडायला रांगेत उभं करतात ना, ते कशासाठी, हे विचारायला हरकत नाही.

विचारायचं कसं, तर लेखी. तोंडी 'नाही'ला तोंडीच उत्तर देत बसलो तर हातात काही राहत नाही. अर्ज मराठीत लिहा, दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. प्रकरण नाकारत असाल तर कारण लेखी द्या, एवढंच एक वाक्य अर्जात घाला. माझा अनुभव असा की या वाक्यानंच अर्धी कामं होतात. कारण लिहायची वेळ आली की कारण उरत नाही. शाखेनं ऐकलं नाही तर बँकेच्याच वरच्या कार्यालयात तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहिती हवी असेल तर १४४४८ या नंबरवर फोन करा, मराठीतही बोलतात.

कुणी म्हणेल, आम्ही शिकलेल्या नाही, साहेबांपुढे काय बोलणार? साताऱ्याच्या म्हसवडमध्ये चेतना सिन्हांबरोबरच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आपल्यातही शेकडा दोननं व्याज तोंडी काढणाऱ्या किती आहेत, हे मला माहीत आहे. मी बैठकीत मोबाइल काढेपर्यंत तुमचं उत्तर तयार असतं.

एक काम मात्र आपल्या बाजूनं पक्कं पाहिजे. वही. दोन गटांच्या वह्या मार्चपासून लिहिलेल्या नाहीत. नियम आपल्या बाजूनं असला तरी वही कोरी असेल तर साहेबांना कारण शोधायची गरजच पडत नाही.

आता सभेपुढे ठराव आहे, अध्यक्षा ताईंच्या परवानगीनं वाचते. एक, नवऱ्याच्या किंवा घरच्यांच्या थकबाकीवरून कुठलाही गट कुठल्याही सदस्याचा राजीनामा घेणार नाही. दोन, ज्या दोघींना बाहेर पडावं लागलं त्यांना त्यांच्या गटांनी परत बोलवावं, आणि मधल्या महिन्यांच्या बचतीला दंड लावू नये. तीन, चारही गटांचे अर्ज प्रभागसंघाच्या पत्रासोबत आणि परिपत्रकाच्या प्रतीसोबत येत्या मंगळवारी शाखेत एकत्र द्यायचे. मंगळवार निवडलाय कारण सोमवारी बाजार असतो आणि शाखेत पाय ठेवायला जागा नसते. साडेदहाला एसटी स्टँडवर जमायचं. प्रत्येक गटाच्या दोघी, सोबत इतिवृत्ताची वही, पासबुक आणि गटाचा शिक्का.

पहिल्या दोन मुद्द्यांवर ज्यांच्या गटांनी राजीनामे घेतलेत, त्यांनी आधी बोलावं अशी माझी विनंती आहे. मग हात वर करू.