निर्मूलन म्हणजे काय?



पस्तीस वर्षें व्याकरण शिकविणाऱ्या माणसाची शब्दांची फोड करण्याची संवय सुटत नाहीं. म्हणून आज ‘निर्मूलन’ या शब्दापासूनच आरंभ करतों. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणें. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ सालीं सुरू झाला व २००५ च्या डिसेंबरांत त्यानें देशापुरतें आपलें उद्दिष्ट गांठलें. परंतु तें उद्दिष्ट होतें दहा हजार लोकसंख्येमागें एकाहून कमी रोगी! रान विरळ झालें; मूळ जमिनींत राहिलें.

हें यश लहान नव्हे. पूर्वीं डॅप्सोन हें एकच औषध वर्षानुवर्षें घ्यावें लागे. दत्तपुरास मनोहर दिवाण, अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन व आनंदवनांत बाबा आमटे यांनीं समाजानें टाकलेल्यांना आश्रय दिला. १९८२ पासून रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा संयुक्त उपचार आला आणि पुढें सहा महिने ते एक वर्ष एवढ्या अवधींत रोग बरा होऊं लागला. हें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें.

मग अडतें कोठें? माझाच अपराध सांगतों. राधानगरीजवळच्या वाडीवरून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या हातावर फिकट चट्टा होता. तेथें टोचलेलें त्याला कळत नसे. मुलें हंसूं नयेत म्हणून मीं त्याला लांब बाह्यांचा सदरा घालण्यास सांगितलें. मला ती दया वाटली! पुढें कांहीं वर्षांनीं तो बाजारांत भेटला. त्यानें नमस्कारासाठीं हात जोडले, तेव्हां त्याचीं दोन बोटें सरळ होत नव्हतीं. वेळीच उपचार झाला असता, तर तीं बहुधा वांचलीं असतीं.

२०२३ ते २०२७ च्या राष्ट्रीय आराखड्यांत रोगाचा प्रसारच थांबविण्याचें ध्येय आहे. रोग्याच्या निकट राहणाऱ्यांस रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची योजना त्यांत आहे. पण रोगी लपला, तर मात्रा द्यावी कोणास? जुना लेपर्स ॲक्ट २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं कायद्यांतून गेलें. आपल्या घरांतून मात्र ही लाज अद्याप गेलेली नाहीं.

बधिर चट्टा दुखत नाहीं, खाजत नाहीं. म्हणूनच तो फसवितो. घरांत, शेजारीं वा मोलकरणीच्या हातावर तो दिसला, तर बाही खालीं ओढण्यास सांगूं नका. तिला कामावरून काढूंही नका. सोबत दवाखान्यांत जा. मीं गेलों नव्हतों.