खरेदीखत झालं, पुढे काय?

महागाव तालुक्यात पेरणीआधी शेतीचे सौदे ठरतात, विसार दिला जातो, आणि खरेदीखताचं मात्र 'पाहू सवडीनं' होतं. कायदा इतकी सवड देत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांपुढे आणायचा असतो. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून नोंदणी होऊ शकते, पण तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

कार्यालयात फोटो, अंगठा, ओळख पटवणारे साक्षीदार एवढं उरकलं की पेढे वाटले जातात. जरा घाई होते बरं का! हातात आलेली सूची दोन म्हणजे सातबारा नव्हे. नोंदणीची माहिती ई-फेरफारमधून तहसीलकडे जाते, तलाठी फेरफार धरतात, संबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव चढतं.

जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर विक्रीच्या परवानगीचं विसार देण्याआधीच विचारा. आणि सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकानाही तेव्हाच पाहा. बँकेचा बोजा तिथेच दिसतो.